मुंबईत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ : एका फ्रिगेटची नोकरी आणि वर्गातले दोन प्रश्न



मागच्या महिन्यात वर्गात शिवाजी महाराजांच्या आरमाराची उजळणी चालू होती. गुराब, गलबत, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग असं सगळं बोलून झालं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक प्रश्न आला. “बाई, मग इंग्रजांची एवढी मोठी जहाजं कोण बांधायचं?”

मी पटकन सांगून टाकलं, “अरे, ती इंग्लंडमध्ये बांधायचे आणि इकडे आणायचे.”

उत्तर देताना मला जराही शंका आली नाही. घरी गेल्यावर मात्र वाटलं, एकदा बघून तरी घेऊ. बघितलं आणि लक्षात आलं, की माझं उत्तर अर्धवट होतं, आणि ज्या अर्ध्या भागाचा आपल्याशी संबंध तोच नेमका चुकला होता. ब्रिटिश आरमाराच्या काही चांगल्या युद्धनौका मुंबईत, आपल्याकडच्या कारागिरांनी, आपल्याकडच्या सागवानात बांधल्या होत्या. त्यातली एक आजही पाण्यावर तरंगते आहे. तिचं नाव ‘त्रिंकोमाली’.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या आधी चूक कबूल केली. मग तिची गोष्ट सांगितली. तीच आज तुमच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

फ्रिगेट म्हणजे काय?

आधी शब्द समजून घेऊ. बातम्यांमध्ये आपण ‘नौदलात नवी फ्रिगेट दाखल’ असं ऐकतो. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये आजही फ्रिगेट बांधल्या जातात. पण शिडांच्या काळातली फ्रिगेट वेगळी होती.

त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या युद्धनौकांवर दोन किंवा तीन मजल्यांवर तोफा असत. ७४ तोफांची, शंभर तोफांची अशी जहाजं. ती एका रांगेत उभी राहून शत्रूच्या रांगेशी लढायची. फ्रिगेट त्यांच्यापेक्षा लहान. तीन डोलकाठ्या, मुख्य तोफा एकाच सलग मजल्यावर, आणि वेग जास्त. मुलांना मी असं सांगितलं, की मोठं जहाज म्हणजे सैन्यातला हत्ती आणि फ्रिगेट म्हणजे घोडदळ. शत्रू कुठे आहे ते बघून येणं, निरोप पोचवणं, व्यापारी जहाजांना सोबत करणं, लांबच्या किनाऱ्यांवर गस्त घालणं ही फ्रिगेटची कामं. घोडदळाचं उदाहरण दिलं की आपल्या मुलांना लगेच कळतं.

त्रिंकोमाली ही अशीच एक फ्रिगेट. लांबी सुमारे १५० फूट, रुंदी सुमारे ४० फूट. आराखड्यात ती ३८ तोफांच्या वर्गातली, प्रत्यक्षात तोफा ४६. माणसं तीनशेच्या वर. अशा जहाजांवर आपल्या वर्गातल्या मुलांच्या वयाची पोरंही असायची, आणि लढाईच्या वेळी खालच्या कोठारातून तोफांपर्यंत दारू पोचवायचं काम त्यांच्याकडे असायचं. हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता.

इंग्रजांची नौका मुंबईत का बांधली?

कारण इंग्लंडमध्ये लाकूड कमी पडलं होतं.

इंग्रज आपली जहाजं ओक नावाच्या झाडाच्या लाकडात बांधत. फ्रान्सच्या नेपोलियनशी वर्षानुवर्षं युद्ध चाललं आणि जहाजांवर जहाजं बांधून चांगला ओक मिळेनासा झाला. ओकचं झाड जहाजाला उपयोगी पडेल एवढं वाढायला शंभर वर्षं लागतात. आज लावलं आणि उद्या तोडलं असं होत नाही.

इकडे मुंबईत मलबारच्या जंगलातला सागवान समुद्रमार्गे येत होता. सागवान आपल्याला नवा नाही. जुन्या वाड्यांची दारं, तुळया, देवघरातले पाट बघा. शंभर वर्षांनीही वाळवी लागलेली नसते. त्याचं कारण या लाकडातलं नैसर्गिक तेल. शिवाय ओकच्या लाकडात एक आम्ल असतं, त्याने लोखंडी खिळे आणि बोल्ट गंजतात. सागवानात उलट होतं, तेलामुळे लोखंड टिकतं. समुद्राच्या पाण्यात राहणाऱ्या जहाजाला हा फरक फार मोठा.

नुसतं लाकूड असून भागत नाही, हातही लागतात. ते मुंबईत होते. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचे पारशी जहाजबांधणीकार मुंबईला आले आणि पिढ्यानपिढ्या वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली. १७५० मध्ये इथे कोरडी गोदी तयार झाली. कोरडी गोदी म्हणजे समुद्राकाठचा दगडी हौद. त्याला समुद्राच्या बाजूने दार. दार लावून पाणी काढलं की आत जहाजाचं काम करता येतं. दार उघडलं की पाणी आत येतं आणि जहाज तरंगत बाहेर पडतं.

त्रिंकोमाली बांधली ती याच घराण्यातल्या जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली. त्याआधी १८१३ मध्ये त्यांनी ७४ तोफांची ‘कॉर्नवॉलिस’ बांधली होती. पुढे १८४२ मध्ये चीन आणि इंग्लंडमधला नानकिंगचा तह त्याच कॉर्नवॉलिसवर झाला.

हरवलेले नकाशे

आता गोष्टीतला मुलांना सगळ्यात आवडलेला भाग.

त्रिंकोमाली बांधण्याचा हुकूम ३० ऑक्टोबर १८१२ ला निघाला. तिचे नकाशे ‘जावा’ नावाच्या ब्रिटिश फ्रिगेटवरून मुंबईकडे निघाले. पण त्या वर्षी इंग्लंडचं अमेरिकेशीही युद्ध सुरू झालं होतं. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन फ्रिगेटने जावाला गाठलं आणि हरवलं. जावा इतकी मोडली होती की तिला पेटवून द्यावं लागलं. नकाशेही गेले. मग दुसरी प्रत पाठवावी लागली.

त्याच जावावर मुंबईच्या नेमणुकीवर निघालेले सर थॉमस हिस्लॉप नावाचे इंग्रज सेनाधिकारीही होते. ते अमेरिकनांच्या हाती सापडले आणि सुटून इंग्लंडला परतले. हे नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळाने पुन्हा येणार आहे.

या सगळ्यात वेळ गेला. त्रिंकोमालीचा कणा, म्हणजे तळाचं लांब मुख्य लाकूड, मांडला गेला तो एप्रिल १८१६ मध्ये. पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकून कामाला सुरुवात झाली. पण जून १८१५ मध्येच वॉटर्लूला नेपोलियनचा शेवटचा पराभव झालेला होता. म्हणजे ज्या युद्धासाठी ही नौका हवी होती ते युद्ध तिचं पहिलं लाकूड बसायच्या आधीच संपलं होतं!

१८१७ चा ऑक्टोबर

सुमारे २३,००० पौंड खर्चून तयार झालेली त्रिंकोमाली १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली.

मित्रहो, ही तारीख फळ्यावर लिहा आणि तिच्याखाली आपल्या इतिहासाच्या तारखा लिहा.

५ नोव्हेंबर १८१७ : खडकीची लढाई.
१७ नोव्हेंबर १८१७ : शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण.
२१ डिसेंबर १८१७ : महिदपूरला होळकरांच्या सैन्याचा पराभव.
१ जानेवारी १८१८ : कोरेगावची लढाई.
जून १८१८ : दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन.

महिदपूरला इंग्रज सैन्याचं नेतृत्व कोणाकडे होतं? सर थॉमस हिस्लॉप यांच्याकडे. जावावर पकडले गेलेले तेच हे हिस्लॉप.

मला स्वतःला हे जुळवताना थांबावं लागलं. ‘पेशवाईचा शेवट’ हा धडा आपण एकीकडे शिकवतो. जहाजबांधणी वगैरे कुठे सामान्यज्ञानात येतं. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकमेकांपासून शे-दीडशे किलोमीटरवर घडत होत्या. पुण्यात राज्य जात होतं आणि मुंबईच्या बंदरात नवी कोरी फ्रिगेट उभी होती. ती या लढायांत वापरली गेली नाही. पण ज्या सत्तेने हे राज्य घेतलं त्याच सत्तेसाठी मुंबईतले हात राबत होते, हे खरं आहे. मुलांपासून हे लपवायचं कारण नाही. त्या कारागिरांना दोष द्यायचंही कारण नाही. सुतार सुतारकाम करतो, त्याला मजुरी हवी असते. काम मात्र त्यांनी असं केलं की ते आजही टिकून आहे.

आणि त्यांची नावं? जमशेटजींचं नाव इतिहासात आहे. लाकूड कापणारे, तासणारे, फळ्यांच्या फटीत काथ्या भरणारे, लोहारकाम करणारे, गोदीत ओझी उचलणारे शेकडो लोक होते. त्यांची नावं पुस्तकांत येत नाहीत. माझ्या वर्गात तीन मुलांचे वडील सुतारकाम करतात. या वाक्याला त्या तिघांनी मान वर करून बघितलं.

ऐंशी वर्षांची नोकरी, पण किती दिवस समुद्रावर?

ऑक्टोबर १८१८ मध्ये त्रिंकोमाली मुंबईहून इंग्लंडला निघाली. वाटेत जानेवारी १८१९ मध्ये ती सेंट हेलेना बेटावर थांबली. नेपोलियन तेव्हा त्याच बेटावर कैदेत होता. त्याच्यावर उपचार करणारा एक इंग्रज डॉक्टर तिथून याच जहाजाने परत निघाला. म्हणजे ज्याच्याशी लढण्यासाठी नौका बांधायची ठरली, त्याच्या इतक्या जवळ ती गेली, पण तेव्हा तो कैदी होता. एप्रिल १८१९ च्या शेवटी ती इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरात पोचली.

आणि तिथेच बांधून ठेवली गेली. युद्ध नव्हतं, कामही नव्हतं. अशा जहाजांच्या डोलकाठ्या आणि तोफा काढून ठेवत, वर छप्पर घालत आणि गरज पडेपर्यंत राखून ठेवत. त्रिंकोमालीची ही ‘राखीव’ अवस्था १८४५ पर्यंत चालली. पंचवीस वर्षांहून जास्त!

१८४५ नंतर तिची दुरुस्ती झाली. मागचा भाग बदलला, तोफांची संख्या २६ वर आणली, पण त्या जास्त ताकदीच्या. आता तिला फ्रिगेट न म्हणता कॉर्व्हेट या खालच्या वर्गात घातलं. मग ती खऱ्या कामाला लागली.

पहिली कामगिरी १८४७ ते १८५०. उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या समुद्रात गस्त. इंग्लंडने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बेकायदेशीर ठरवला होता, आणि चोरून गुलाम नेणारी जहाजं अडवण्याचं काम तिच्याकडेही होतं. १८४९ मध्ये ती न्यूफाउंडलंड आणि लॅब्रॅडोरच्या थंड किनाऱ्यावर गेली.

दुसरी कामगिरी १८५२ ते १८५७. या वेळी प्रशांत महासागर. याच काळात रशियाशी क्रिमियाचं युद्ध झालं, तेव्हा ती तिकडे गस्तीवर होती. उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांच्या शोधासाठी अलास्काच्या किनाऱ्यावर ‘प्लोव्हर’ नावाचं जहाज थांबलेलं होतं, त्याला तिने शिधासामान पोचवलं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर बेटांमधल्या एका समुद्रवाटेला आजही ‘त्रिंकोमाली चॅनल’ म्हणतात. ते नाव या जहाजावरून पडलं. श्रीलंकेतल्या बंदराचं नाव, मुंबईत बांधलेल्या जहाजाला, आणि तिथून कॅनडाच्या नकाशावर. भूगोलाच्या तासाला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

१८५७ मध्ये ती इंग्लंडला परतली. आता वाफेच्या इंजिनाची जहाजं आली होती, शिडांचा जमाना संपत होता. १८६० नंतर ती राखीव नौसैनिकांना शिकवण्यासाठी वापरली गेली. आधी सुंदरलँड, मग हार्टलपूल, नंतर साउदॅम्प्टन. आणि १८९७ मध्ये भंगारात विकली.

वर्गातला दुसरा प्रश्न इथे आला. “बाई, मग तिने लढाया किती जिंकल्या?”

एकही मोठी लढाई नाही.

वर्गात नाराजी पसरली. एक जण तर म्हणाला, “मग काय उपयोग?”

‘मग काय उपयोग?’ चं उत्तर

मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी एक उपक्रम केला. तुम्हीही करून बघा.

कागदाची ८० सेंटिमीटर लांबीची पट्टी घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. सुरुवातीला १८१७, शेवटी १८९७. जितकी वर्षं जहाज खरोखर सफरीवर होतं तेवढाच भाग मुलांना रंगवायला सांगा. मुंबईहून इंग्लंडचा प्रवास, साधारण अर्धा सेंटिमीटर. १८४७ ते १८५०, तीन सेंटिमीटर. १८५२ ते १८५७, पाच सेंटिमीटर. एकूण जेमतेम साडेआठ. बाकीची सगळी पट्टी कोरी.

मुलं त्या कोऱ्या पट्टीकडे बघत राहिली. मग विचारलं, “या कोऱ्या वर्षांमध्ये जहाजाने काय केलं?” उत्तरं आली. उभं राहिलं. वाट बघितली. शेवटी शेवटी शिकवलं. एक मुलगी म्हणाली, “बाई, ते कुजलं नाही.”

अगदी बरोबर! तेच तिचं काम होतं. आणि ते मुंबईच्या सागवानाचं आणि मुंबईच्या हातांचं काम होतं.

आता दुसरी पट्टी. १८९७ मध्ये नेल्सन या प्रसिद्ध सेनापतीचं जुनं जहाज ‘फुद्रुआयां’ वादळात किनाऱ्यावर आपटून मोडलं. त्याचे मालक जॉर्ज व्हीटली कॉब हे मुलांना जहाजावरचं शिक्षण देण्यासाठी ते वापरणार होते. त्यांनी भंगारवाल्याकडून त्रिंकोमाली विकत घेतली, दुरुस्त केली आणि तिला त्या मोडलेल्या जहाजाचं नाव दिलं. त्या नव्या नावाने ती फाल्मथला आणि नंतर पोर्ट्समथला उभी राहिली, आणि १९८६ पर्यंत कितीतरी मुलामुलींनी तिच्यावर राहून शिडं, दोर, गाठी आणि शिस्त शिकून घेतली. ही पट्टी जवळजवळ पूर्ण रंगवावी लागते. युद्धनौका म्हणून साडेआठ वर्षं सफरीवर, आणि मुलांसाठी सुमारे ऐंशी-नव्वद वर्षं.

१९८७ मध्ये तिला एका मोठ्या तराफ्यावर ठेवून हार्टलपूलला नेलं. तिथे जुन्या कारागिरीला धरून दुरुस्ती सुरू झाली, १९९२ मध्ये तिला ‘त्रिंकोमाली’ हे मूळ नाव परत मिळालं आणि २००१ मध्ये काम पूर्ण झालं. आज ती तिथल्या संग्रहालयात पाण्यावर उभी आहे. नेल्सनची ‘व्हिक्टरी’ वयाने मोठी, पण ती कोरड्या गोदीत आहे. म्हणून अजून तरंगत असलेली सर्वात जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणजे आपली ही मुंबईकर. तिच्या सांगाड्यात निम्म्याहून कितीतरी जास्त लाकूड अजून मूळचं, मुंबईत बसवलेलं आहे.

आणि जावाला हरवणारी, पर्यायाने हिचे नकाशे घालवणारी ती अमेरिकन कॉन्स्टिट्यूशन? तीही अजून बॉस्टनला तरंगते आहे. हे ऐकून वर्गाने टाळ्या वाजवल्या.

वर्गात आणखी काय करता येईल?

१. नकाशा : मुंबई, सेंट हेलेना, पोर्ट्समथ, वेस्ट इंडीज, लॅब्रॅडोर, अलास्का, हार्टलपूल ही ठिकाणं जगाच्या नकाशावर शोधून दोऱ्याने जोडा.

२. लाकूड : सागवान, आंबा, बाभूळ यांचे छोटे तुकडे पाण्यात ठेवा. प्रत्येकात एक लोखंडी खिळा ठोका. महिन्याभराने बघा काय होतं. आधी अंदाज लिहून घ्या.

३. घरचा अभ्यास : घरातली सगळ्यात जुनी लाकडी वस्तू कोणती, ती कोणी बनवली, हे आजी-आजोबांना विचारून यायचं. बनवणाऱ्याचं नाव मिळालं तर नक्की लिहायचं. पालकहो, यात तुमची मदत लागेल.

तिसऱ्या उपक्रमात माझ्या वर्गातून एक पाळणा, दोन पाट, एक बैलगाडीचं जू आणि एक कपाट आलं. पाचपैकी दोघांनाच बनवणाऱ्याचं नाव मिळालं. ती दोन नावं आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावली आहेत. बाकीच्या तीन वस्तूंपुढे जागा मोकळी ठेवली आहे. नाव कळलं की लिहू.

‘मग काय उपयोग?’ विचारणारा मुलगा दोन दिवसांनी स्वतःहून म्हणाला, “बाई, लढाई नाही केली म्हणून ती वाचली ना?” मी म्हटलं, “हो, हेही एक कारण आहे.” त्याने वहीत लिहून घेतलं. मी फळ्यावर लिहिलं नव्हतं, तरीसुद्धा.

तुमच्या वर्गात ही गोष्ट सांगून बघा आणि मुलांनी काय विचारलं ते जरूर कळवा. आणि माझ्यासारखं चुकीचं उत्तर कधी दिलं गेलं, तर दुसऱ्या दिवशी तसं सांगायला लाजू नका. माझा तरी हा सगळा पाठ त्या एका चुकीतूनच तयार झाला.